सातारा स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांचे आभार

धाकटी बहीण नोकरी सांभाळून दूरशिक्षणातून बी.ए. करते. स्वाध्याय जमा करायच्या शेवटच्या दिवशी पावसाने गाठलं आणि तिने स्वतः क्रोशावर विणलेली पिशवी आरपार भिजली. सुती दोऱ्याची जाळी ती, पाणी कसं अडवणार! 32 पानं ओलीचिंब. बॉलपेनची शाई तेलकट, त्यामुळे उत्तरं वाचली. जेलपेनने लिहिलेली शीर्षकं मात्र पसरली.

ती पानं ओढून सुटी करायला लागली तेव्हा काकांनी आधी तिचा हात थांबवला. ओला कागद लगेच फाटतो. दर दोन पानांमध्ये त्यांनी कोरा कागद घातला (वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते), तळव्याने नुसतं दाबलं, अजिबात घासलं नाही. मग एकेक पान अलगद सोडवून काउंटरवर पसरलं, कोपऱ्यांवर गल्ल्यातली नाणी ठेवली आणि पंखा मंद लावला. तासभर निम्मं काउंटर आमच्याच पानांनी अडलं होतं, बाकीची गिऱ्हाइकं ते उरलेल्या जागेत सांभाळत होते.

स्वाध्याय पीडीएफ करून ऑनलाइन पाठवायचा होता, पण मोबाईलवरच्या रंगीत फोटोंची पीडीएफ 5 एमबीच्या मर्यादेबाहेर जात होती. काकांनी 150 डीपीआयवर (इंचाला 150 ठिपके), ग्रेस्केलमध्ये (रंगांऐवजी करड्या छटांत) स्कॅन करून ती बसवली. सतरावं पान उलटं लागलेलंही त्यांनीच पाहिलं.

पैसे फक्त स्कॅनचे घेतले. कोऱ्या कागदांचे द्यायला गेलो तर म्हणाले, "वाळले की हिशोब लिहायला होतील."

काका, नाव विचारायचं राहूनच गेलं. स्वाध्याय वेळेत पोचला. आम्हा दोघांकडून आणि आईकडून मनापासून आभार.