आज्जी, सातव्या टाकाबद्दल तुमचे आभार

प्रिय आज्जी,

साष्टांग नमस्कार. हे पत्र तुमचा नातू तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवेल, त्याला म्हणावं सावकाश वाच, गडबड करू नको. आणि मी हे सगळ्यांसमोर लिहितेय कारण नुसतं फोनवर "थँक्यू हां आज्जी" म्हटलं की तुम्ही लगेच "बरं बरं, जेवलीस का" म्हणून विषय बदलता. मागच्या तीन फोनला हेच झालंय.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. या आज्जी माझ्या सख्ख्या नव्हेत, मुळशीकडे भेटलेल्या. आमची डोंबिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, सामान बांधताना बाबांनी देव्हारा आवरायला घेतला आणि टाक, म्हणजे देवांच्या चांदीच्या छोट्या प्रतिमा, मोजले. सात निघाले. खंडोबा, भवानी, वीर वगैरे सहांची ओळख पटली, सातवा कोणाचा ते कोणालाच माहीत नाही. चांदीचा, अंगठ्याच्या नखाएवढा, वर एक कडी, मधे बाईची झिजलेली आकृती. आई म्हणाली मी लग्न होऊन आले तेव्हापासून आहे, सासूबाई त्यालाही हळदकुंकू लावायच्या म्हणून मी पण लावते. बस, चाळीस वर्षं एवढंच. बाबांना मात्र ते लागून राहिलं. रिटायर झालेला माणूस आणि भाड्याचं घर, वेळच वेळ.

आमचं मूळ गाव मुळशीच्या धरणात गेलंय. म्हणजे घरात कायम तेच ऐकलं, "आपलं गाव पाण्याखाली आहे". लहानपणी मला वाटायचं खाली अजून दिवे लागत असतील. पणजोबा तिथून मुंबईला आले आणि डबे वाहायला लागले, आजोबांनीही तेच केलं, बाबा नोकरीला लागले तेव्हा ते सुटलं. मावळ-मुळशीकडची कितीतरी घरं अशीच डब्यांच्या धंद्यात आली. आणि गंमत बघा (गंमत तरी कसली), मुळेचं पाणी सरळ वाटेनं पूर्वेला भीमेकडे जाणारं, ते धरणात अडवून उलटं सह्याद्रीखाली भिऱ्याला सोडलं, तिथं १९२७ पासून वीज व्हायला लागली आणि ती वीज मुंबईला गेली. गावाचं पाणी तारेतून मुंबईत पोचलं आणि माणसं पायी, डोक्यावर बोचकं घेऊन.

टाकाचा शोध घ्यायचा म्हणून बाबांनी आधी वंशावळ काढायला घेतली. नाशिकला गंगेवर जाऊन क्षेत्रोपाध्यायांची चोपडी बघून आले, पाच पिढ्यांचे पुरुष सापडले, एकदम खूश. मग एका कचेरीत कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मागायला चार हेलपाटे घातले. एकदा साहेब नव्हते, एकदा कपाटाची चावी नव्हती. शेवटी जे पान मिळालं त्यावर जन्माच्या नोंदीत आमच्या घरातल्या एका मुलीबद्दल "स्त्री" एवढंच होतं. बापाचं नाव होतं, तारीख होती, तिचं नाव नव्हतं. बाबांनी मोठ्या कार्डशीटवर झाड काढलं होतं, फांद्या फांद्या, सगळ्या फांद्यांवर बुवाच. आई चहा ठेवता ठेवता म्हणाली, एवढी पोरं काय झाडाला लागली का. ते कार्डशीट नंतर कपाटामागे गेलं.

आणि मग मे महिन्यात आम्ही तुमच्याकडे आलो. पाणी उतरलेलं असतं तेव्हा जुन्या घरांची जोती दिसतात असं भावकीतल्या एकाने सांगितलं होतं. मुळशीच्या अलीकडे चहाच्या टपरीवर बाबांनी गावाचं नाव सांगून विचारलं तर तो पोरगा म्हणाला, जुनं काय पण असूद्या, आज्जीकडं जावा. पत्ता नाही, नाव नाही, नुसतं "आज्जीकडं".

तुम्ही ओटीवर करवंदं निवडत बसला होतात. आम्ही कोण, कुठले, हे सांगून व्हायच्या आत तुम्ही मला विचारलंत, "तुजी आई कंच्या गावची? म्हायेरचं नाव काय तिचं?" गाव मला माहीत होतं. नाव म्हणजे लग्नाआधीचं नाव, आणि ते मला माहीतच नव्हतं आज्जी! अडतीस वर्षांची घोडी मी, आईचं लग्नात नाव बदललं हे माहीत होतं पण आधीचं काय ते कधी विचारलंच नव्हतं. तिथून आईला फोन लावला, तर ती हसायलाच लागली, म्हणाली चाळीस वर्षांत कोणी विचारलं नाही आज काय सुचलं. सांगितलं तिने. तुम्ही सुनेला हाक मारून वही मागवलीत आणि आधी ते नाव लिहिलंत, मग आम्हाला पाणी विचारलंत. हा क्रम मी विसरणार नाही.

त्या वहीबद्दल लिहायलाच हवं. लाल कापडी पुठ्ठ्याची, वाण्याकडे असते तसली चोपडी, प्लास्टिकमध्ये गुंडाळून युरियाच्या गोणीत घालून तांदळाच्या कणगीवर ठेवलेली, कारण ताम्हिणीकडचा पाऊस कुठूनही आत शिरतो. तुम्ही शाळा चौथीपर्यंतच शिकलात, ऱ्हस्वदीर्घाशी तुमचं कायमचं भांडण आहे, पण रकाने असे आखलेत की कचेरीवाल्यांनी शिकावं. सासरचं नाव, माहेरचं नाव, माहेरचं गाव, लेकरं किती, आणि शेवटचा रकाना, जगली किती. मी फोटो काढत काढत मोजलं, चारशेच्या आसपास बायका आहेत त्यात. शेवटच्या दोन रकान्यांतले आकडे सारखे आहेत अशी जुनी पानं मला फार थोडी दिसली. सातातली तीन, नवातली चार, असंच. मी ते फोटो घरी गेल्यावर परत बघितले आणि मोबाईल बाजूला ठेवला.

वही कशी सुरू झाली तेही तुम्ही सांगितलंत, कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या साली. (तुमची सगळी कालगणना अशीच. पानशेत फुटलं तेव्हा थोरला पोटात होता, म्हणजे १९६१. दुष्काळात विहीर खणली, म्हणजे १९७२. मला कागदावर हिशोब करत बसावं लागलं, तुम्ही मात्र एकदाही चुकला नाहीत.) तर १९६८ मध्ये तुमच्या आजेसासू गेल्या, दहाव्याला कोणीतरी विचारलं म्हातारीचं माहेरचं नाव काय, आणि पन्नास माणसांत एकालाही सांगता येईना. लेकांनाही नाही. तुम्हाला येत होतं, कारण पहाटे जात्यावर त्यांच्या समोर तुम्हीच बसायचात. पण पुरुषांत सुनेनं बोलायचं कसं म्हणून गप्प राहिलात, आणि पुढच्या बाजाराला पौडला जाऊन वही घेतलीत. घरधनी मुंबईला, शेत तुमच्या गळ्यात, चार पोरं, अंथरुणावरची सासू, आणि रात्री चिमणीच्या उजेडात ही नावं. लग्नाला, बारशाला, मयताला जिथं जाल तिथं विचारत राहिलात. लोक म्हणायचे बाईला नाद लागलाय. असला नाद चार घरांना लागला असता तर बाबांना नाशिकपर्यंत जावं लागलं नसतं.

तुमच्या मुळशीतल्याच नाही तर महाराष्ट्रभरच्या खेड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी फिरून फिरून जमवल्या, लाखाच्या वर आहेत, आता इंटरनेटवर ऐकायलाही मिळतात. मी तुम्हाला त्यातल्या चार मोबाईलवर लावून दिल्या तर तुम्ही पहिल्या दोनच ओळी ऐकल्यात आणि पुढचं स्वतःच म्हणायला लागलात, वर चाल चुकली म्हणून त्या बाईला नावं ठेवलीत. आजेसासूंनी तुम्हाला गावची अर्धी हकीकत अशीच दिली ना, दळता दळता. पहिली ओवी देवाला, मग आईबापाला, मग भावाला, आणि पीठ सरत आलं की मग खरं काय ते.

आता टाक. बाबांनी खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली, आणि तुम्ही तो हातात न घेताच म्हणालात, "ह्यो देव न्हवं. ही सवत हाय."

आम्ही दोघं बघतच राहिलो. मग तुम्ही समजावून सांगितलंत. पहिली बायको वारली आणि दुसरी करून आणली की त्या दुसरीनं पहिलीच्या नावाचा टाक करून गळ्यात घालायचा, म्हणून वर ती कडी. पहिलीची पीडा लागू नये म्हणून. हळदकुंकू आधी तिला, लुगडं आधी तिच्या टाकाला दाखवून मग आपण नेसायचं. दुसरी गेली की टाक देव्हाऱ्यात येतो, आणि दोन पिढ्यांनी त्याचा देव होतो. आमच्या पणजोबांची पहिली बायको मानमोडीत गेली, १९१८ ची ती इन्फ्लुएंझाची साथ, आत्ता कोविडच्या वेळी पेपरात तिच्याबद्दल किती छापून आलं, पण आमच्या घरातही त्यात कोणी गेलंय हे आम्हाला माहीत नव्हतं. अंगावरचं मूलही तिच्यामागे आठ दिवसांत गेलं. माझी पणजी ती दुसरी, आणि ती तुमच्या आजेसासूंची मावसबहीण निघाली, म्हणून हे सगळं तुमच्या वहीत. जुन्यातलं पान काढलंत आणि बोट ठेवलंत. माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव, लेकरं एक, जगली शून्य.

ते नाव मी इथे लिहीत नाहीये. शंभर वर्षांनी हाताला लागलंय, ते आधी घरातल्यांच्या तोंडी बसू दे.

आणखी एका गोष्टीबद्दल आभार मानायचेत, जरी ती त्या दिवशी जरा टोचली. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की पणजोबा धरणाविरुद्धच्या मुळशी सत्याग्रहात होते, सेनापती बापटांबरोबर तुरुंगात गेले. बाबा हे प्रत्येक लग्नकार्यात सांगतात. तारखा पाठ आहेत त्यांना, १९२१ ची रामनवमी, १६ एप्रिल, "जान किंवा जमीन", सगळं. तुमच्याकडेही त्यांनी सुरुवात केली, तर तुम्ही करवंदं निवडत शांतपणे म्हणालात, "न्हाई बाबा. त्यो जेलात न्हाई गेला. पैशे घेतले नि मम्बई गाठली. बसली ती हिची पणजी. बायकांच्या घोळक्यात, सासूसंगं, उन्हात." बाबांचा चेहरा मी बघितला नाही, मुद्दामच. तुम्हीही बघितला नाहीत, खाली बघूनच म्हणालात, "पोट हाय की. सगळ्यांलाच हुतं." एवढंच बोललात, त्याच्यावर ना टोमणा ना शिकवण. परत येताना चांदणी चौकापर्यंत बाबा गप्प होते, मग म्हणाले, म्हणजे घराण्यात सत्याग्रही होताच की. मी म्हटलं होती.

मग तुम्ही ऐंशीच्या पुढच्या बाई, दुपारच्या उन्हात, काठी टेकत आमच्याबरोबर पाण्यापर्यंत आलात. सून नको नको म्हणत होती. चिखल वाळून भेगा पडलेल्या, त्यात दगडांच्या ओळी, मला सगळं सारखंच दिसत होतं. तुम्ही स्वतः ते गाव कधी उभं बघितलेलं नाही, तुमच्या जन्माआधीच ते गेलं, तरी बोट करून सांगत होतात, हे देऊळ, ही वाट, हा तुमचा उंबरा, कारण आजेसासू दर उन्हाळ्यात तुम्हाला इथं आणून सांगायच्या. बाबा त्या जोत्यावर बसले. चप्पल काढून बसले. मी फोटो काढणार होते, नाही काढला, तुम्हीच हात धरलात माझा.

तर आज्जी, वहीतल्या सगळ्या पानांचे फोटो नीट लावून मी तुमच्या नातवाला पेनड्राईव्हमध्ये दिलेत आणि दोन प्रिंट काढून बाइंडिंग करून पाठवलेत, एक तुमच्याकडे राहू दे, एक शाळेच्या कपाटात ठेवा म्हणजे कोणी आलं तर बघेल. मूळ वही मात्र गोणीतच असू दे, कोणी संशोधक बिंशोधक मागायला आला तरी देऊ नका, इथंच बसून बघ म्हणावं. तुमच्या सूनबाईंनाही थँक्यू सांगा, त्यांनी आता निळ्या पेनने पुढची पानं सुरू केलीत हे मी बघितलंय, अक्षर तुमच्यापेक्षा बरं आहे (रागावू नका).

बाबांनी कपाटामागचं कार्डशीट परत काढलंय. पांढरी शाई, खाडाखोड, चिकटवलेले कागद, अवतार झालाय त्याचा, झाडापेक्षा जाळी जास्त वाटते. पण आईचं दोन्ही नावांनी लिहिलंय आणि ती येता जाता बघून जाते.

यंदा पितृपक्षात अविधवा नवमीला आमच्याकडे पहिल्यांदाच पणजोबांच्या त्या पहिल्या बायकोचं पान वाढायचंय. आईने कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलीने नाव लिहून ठेवलंय, माहेरचं. खीर तुम्ही बांधून दिलेल्या आंबेमोहोराचीच करणार, अर्धा किलो राखून ठेवलाय, बाकी संपवला आम्ही. फक्त सवाष्णीची ओटी भरताना टाकालाही खण दाखवायचा की नाही यावर आई आणि आत्याचं एकमत होत नाहीये. उद्या सकाळी दहानंतर फोन करते, तोवर तुमच्या भाकऱ्या उरकलेल्या असतात.

तुमची,
डोंबिवलीची नात