पेरिल आणि पत्रा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला व्यापाऱ्यांच्या विम्यावरचा लेख वाचला. रिस्क, हॅझर्ड आणि पेरिल या तिघांनाही लेखकाने 'धोका' म्हणून एकाच दावणीला बांधले आहे. शब्दकोशात चालत असेल, पॉलिसीत चालत नाही. तिथे रिस्क म्हणजे नुकसान होण्याची शक्यता, आणि पेरिल म्हणजे नुकसान ज्याने झाले ते कारण. आग, वीज, पूर. दुकानात रॉकेलचे पिंप ठेवले तर तो हॅझर्ड, कारण त्याने आगीची शक्यता वाढते. हे ज्ञान मला दोन गठ्ठे साड्यांना पडले.

चिपळुणात माझे कापडाचे दुकान आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात माल गेला, तेव्हा शब्दाचा अर्थ कोणी काढला नाही. पूर पॉलिसीतल्या पेरिलांच्या यादीत होता. पुढे एका पावसाळ्यात पत्रा गळून माळ्यावरचे गठ्ठे भिजले, इरकलींचा रंग एकमेकींत उतरला. कंपनीचे दोन ओळींचे इंग्रजी पत्र आले, की नुकसान 'इन्शुअर्ड पेरिल'मुळे झालेले नाही. एजंट म्हणाला, "पेरिल म्हणजे धोका हो काका, आणि धोका तर झालाच की!" हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी हिंदी बोलणारी. मी 'धोका' म्हणालो, तिने 'धोखा' ऐकले आणि फोन थेट फसवणुकीच्या तक्रारींकडे जोडून दिला. आता वाटते, तिचेच बरोबर होते.

मग भिंग घेऊन यादी वाचली. विमान कोसळणे आहे, दरड आहे, पाण्याची टाकी फुटणे आहे, झालेच तर क्षेपणास्त्राची चाचणीही आहे. पत्रा गळणे नाही. म्हणजे चाचणीचे क्षेपणास्त्र भर बाजारपेठेत येऊन पडले तर साड्यांचे पैसे मागता येतील, पण कोकणात पाऊस पडला तर नाही!

आपल्या विद्वान लेखकांना एवढे चार ओळींत सांगता आले असते. ते राहिले, आणि वर मथळा काय, तर 'सर्व धोक्यांपासून संरक्षण'. तो वाचून काल बाजारातले तिघे मला विचारून गेले, गळतीचे पैसे आता मिळतात का म्हणून. तिघांनाही आपल्या कार्यालयाचा नंबर दिला आहे.

जाता जाता आणखी एक. आपला अंक रोज ओल्या पायरीवर पडलेला असतो. शब्दकोडे नेमके घडीवर येते, चौकटी विरघळतात. हेही पेरिलात बसत नाही, ठाऊक आहे. पण पावसाळ्यापुरती प्लॅस्टिकची पिशवी तरी?

आपला,
एक कापड दुकानदार, चिपळूण