लेझर प्लाय कापत नव्हता तेव्हा "कुठे कापत नाही?" असं विचारणाऱ्या ताईंना

ताई,

फोनवर थँक यू म्हटलं होतं पण ते घाईघाईत झालं, आणि तुम्ही जेवढं केलंत त्याला तेवढं पुरत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय आणि उघडच लिहितोय. म्हणजे ज्यांची मशीन अशीच अडून बसलीये त्यांनाही उपयोग होईल.

माझी तक्रार काय होती तर माझ्या लेझर कटिंग मशीनवर ३ एमएमचा प्लाय, जो एका पासमध्ये, म्हणजे किरण एकदाच फिरवून, आरपार निघायचा, तो निघेचना. वरून बघितलं तर रेघ एकदम व्यवस्थित, कट झालाय असंच वाटावं, आणि शीट उलटी केली की मागे मध्येच कुठेतरी दोनचार काळे ठिपके, बाकी काही नाही. स्पीड कमी केला की कडा कोळसा. पॉवर वाढवली की धूर जास्त आणि कट तेवढाच. ज्याला विचारावं त्याचं एकच, ट्यूब (जिच्यात लेझरचा किरण तयार होतो ती) गेली, नवीन टाका. मशीन न बघता, एक प्रश्न न विचारता. मीही जवळजवळ तयार झालो होतो ट्यूब मागवायला, आणि तेव्हा तुमच्याशी बोलणं झालं आणि तुम्ही पहिलंच विचारलंत, "कापत नाही ते कळलं रे, पण कुठे कापत नाही?"

या एका प्रश्नासाठीच खरं तर हे पत्र आहे. बेडच्या चारही कोपऱ्यांत आणि मधोमध एकेक छोटा चौकोन काप, शीट तीच, सेटिंग तेच, आणि कुठला पडतो कुठला नाही ते मला सांग, एवढंच म्हणालात. डावीकडचे दोन्ही चौकोन, मागचा आणि पुढचा, आपोआप खाली पडले. मधला बोटाने ढकलल्यावर निघाला. उजवीकडचे दोन्ही मात्र नखानेसुद्धा हलेनात. मी हे सांगितल्यावर तुम्ही लगेच म्हणालात की ट्यूब गेली असती तर सगळीकडे सारखीच बोंब असती. टाकी भरलेली असून नळाला पाणी कमी येत असेल तर आपण मधला पाइप बघतो ना, तसं बघ. किरण ट्यूबमधून पहिल्या आरशावर, तिथून पुढे-मागे सरकणाऱ्या दुसऱ्यावर, आणि तिथून डावी-उजवीकडे फिरणाऱ्या हेडवरच्या तिसऱ्यावर जातो. आणि पुढे-मागे फरक नाहीये, फरक डाव्या-उजव्यात आहे, म्हणजे पहिल्या आरशापासून दुसऱ्यापर्यंत ठीक असणार, दुसऱ्यापासून हेडपर्यंतच्या वाटेत काहीतरी आहे. मशीन डोळ्यांनी न बघता, पाच चौकोनांवरून तुम्ही दुसऱ्या आरशावर बोट ठेवलंत. मला अजून त्याचं नवल वाटतं.

तरी थेट स्क्रू फिरवायला सांगितलं नाहीत हे फार बरं झालं. आधी बेड तिरका आहे का ते बघायला लावलंत, कारण उजवी बाजू जरा खाली असेल तरी तिथलं फोकस बिघडून हीच लक्षणं दिसतात. नोझल (हेडचं खालचं टोक) आणि शीट यांच्यामध्ये एकच गेज, म्हणजे अंतर मोजायचा ठोकळा, सगळ्या ठिकाणी सरकवून बघितला, अंतर सारखं होतं, आणि प्लायला बाकही नव्हता. मग प्लायवरचा संशय काढायला कास्ट अ‍ॅक्रिलिकचा तुकडा कापायला सांगितलात. प्लायच्या आतल्या थरात कुठे गाठ असते, कुठे गोंदाचा गठ्ठा असतो, कुठे ओल असते, त्यामुळे एका जागी कापला नाही म्हणून मशीनला दोष देता येत नाही, अ‍ॅक्रिलिक मात्र आतून सगळीकडे एकसारखं असतं. तेही उजवीकडे अर्धवटच राहिलं, म्हणजे प्लाय सुटला. दुसरी कुठलीही प्लास्टिकची शीट चालेल का असं मी सहज विचारलं तर तुमचा आवाजच बदलला, पीव्हीसी चुकूनही घालायचं नाही, त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, छातीला वाईट आणि मशीनच्या रेल-बेअरिंगलाही गंज. हेही इथे मुद्दाम लिहितोय कारण ज्यांना कोणी सांगितलेलं नाही असे लोक आहेत.

आता टेपची टेस्ट. ही मला वाटतं प्रत्येक लेझरवाल्याला हाताने यायला पाहिजे. आपल्या मशीनमधल्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझरचा किरण १०.६ मायक्रोमीटरचा, इन्फ्रारेड, डोळ्याला दिसतच नाही, १९६४ साली कुमार पटेलांनी बेल लॅब्समध्ये हा लेझर बनवला तेव्हापासून ही अडचण तशीच आहे, किरण कुठे पडतोय ते जळलेल्या डागावरूनच कळतं. लाल पॉइंटर आहे की मशीनला, असं मी म्हटलं, तर तो वेगळा दिवा आहे, तो स्वतःच हललेला असू शकतो, त्याच्यावर विसंबू नकोस असं म्हणालात. मग मास्किंग टेप लावायची ती आरशाच्या पृष्ठभागावर नाही, त्याच्या फ्रेमच्या तोंडावर, थोडं अंतर सोडून, नाहीतर जळलेल्या टेपचा धूर आरशावरच बसतो. टेप लावून बोटाने दाबायची म्हणजे भोकाची गोल कड त्यावर उमटते. झाकण बंद, इंटरलॉकशी (झाकण उघडलं की किरण बंद करणारा स्विच) खेळ नाही, डोळ्यावर गॉगल, आणि पल्स बटणाला, म्हणजे क्षणभर किरण सोडणाऱ्या बटणाला, एकच छोटासा टच.

हेडवरच्या आरशाला टेप लावून, हेड डावीकडे, दुसऱ्या आरशाजवळ ठेवून पल्स दिला तर गोलाच्या साधारण मधोमध छान तपकिरी ठिपका. नवीन टेप लावून हेड पार उजवीकडे नेलं आणि परत पल्स दिला, तर ठिपका खाली घसरून कडेवर बसला होता, अर्धा गोलाच्या आत आणि अर्धा बाहेर धातूवर. म्हणजे उजवीकडे काम चालू असताना अर्धी पॉवर त्या फ्रेमलाच तापवत होती. तो टेपचा तुकडा मी जपून ठेवलाय, मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय.

पुढचं तुम्ही जे समजावलंत ते मला आधी कोणीच असं सांगितलं नव्हतं. ठिपका मधोमध आणायच्या मागे लागू नकोस, आधी जवळचा आणि लांबचा ठिपका एकाच जागी आण. जागा सरकते म्हणजे किरण तिरका जातोय, आणि तो तिरका पाठवणारा आरसा अलीकडचा, म्हणजे किरणाच्या वाटेत आधी येणारा असतो, ज्यावर टेप लावलीस तो नाही, त्यामुळे स्क्रू नेहमी अलीकडच्या आरशाचे फिरवायचे. दोन्ही ठिपके एकावर एक आले आणि तरीही गोलाच्या मधे नसतील, तर मात्र स्क्रूला हात लावायचा नाही, तिथे आख्खा माउंट सरकवायला लागतो. मी दुसऱ्या आरशाच्या मागे हात घातला तर तीन स्क्रूंपैकी एकाचा लॉक नट बोटाने फिरत होता. हा आरसा गँट्रीवर (हेडला घेऊन सरकणारा आडवा दांडा) बसून दिवसभर मागेपुढे धावतो, प्रत्येक वळणाला हादरा खातो, त्यात तो हळूहळू सुटत गेला असणार. थोडासा फिरवला, टेप बदलली, पल्स, परत थोडासा, आणि शेवटी उजवीकडचा ठिपका डावीकडच्यावर बरोबर बसला तेव्हा तुम्हाला मी ओरडूनच सांगितलं फोनवर.

पण तुम्ही तिथे थांबला नाहीत, आणि याचे आभार मला वेगळे मानायचेत, कारण उजवीकडचे चौकोन आता निघत होते पण पूर्वीसारखे अलगद पडत नव्हते, आणि मी तेवढ्यावर समाधान मानून गप्प बसलो असतो. तुम्ही हिशोब करून दाखवलात. स्वच्छ आरसा जेमतेम एखाददोन टक्के खातो, पण धूर बसून प्रत्येक आरसा दहा टक्के खायला लागला तर तीन आरशांनंतर शंभरातले त्र्याहत्तरच उरतात, आणि किरण शेवटी एका बिंदूवर आणणाऱ्या लेन्सनेही दहा खाल्ले तर पासष्टच्या आसपास. म्हणजे ६० वॉटची मशीन शीटपाशी ४० वॉटची. कुठलीच एक गोष्ट बिघडलेली दिसत नाही आणि तरी कट होत नाही, याचं उत्तर मला त्या आकड्यांत मिळालं.

लेन्स काढली तर मधोमध तपकिरी धुरकट डाग, दिव्याखाली तिरकी धरली तरच दिसणारा. ती कशी पुसायची तेही तुम्ही हाताला धरून शिकवावं तसं सांगितलंत. ग्लोव्ह घालून कडेलाच धरायची, तोंडाने फुंकायचं नाही, लेन्स टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब टाकून टिश्यू स्वतःच्या वजनाने नुसता ओढायचा, घासायचं नाही. झिंक सेलेनाइड आहे, फुटली तर तिचा चुरा विषारी, उघड्या हाताने गोळा करायचा नाही. आणि परत बसवताना फुगीर बाजू वर, सपाट बाजू शीटकडे, कारण उलटी बसली तरी कट होतो पण फोकस पसरट होतं आणि माणूस परत सेटिंगमध्ये कारण शोधत बसतो.

फोकसचंही मग बघून घेतलं. मशीनबरोबर आलेल्या गेजवर विश्वास ठेवण्यापेक्षा एक पट्टी तिरकी ठेवून तिच्यावर कमी पॉवरने सरळ रेघ मारायची आणि रेघ सगळ्यात बारीक जिथे आली तिथली उंची मोजायची, झालं. ठिपका दुप्पट रुंद झाला की क्षेत्रफळ चौपट होतं आणि तेवढ्याच पॉवरचा मारा पावपट, हे ऐकल्यावर एखाददोन मिलिमीटरसाठी एवढा आटापिटा का ते कळलं. एअर असिस्टचं (कापताना कटवर हवा मारणारं) नोझल साफ केलं, पाइप कुठे दुमडलेला नाही ना ते बघितलं. पाण्याचं टेम्परेचरही आता मी रोज बघतो, १५ ते २५ डिग्रीच्या मधेच ठेवतो, पाणी तापलं की ट्यूबमधला गॅस तापतो आणि मिलीअँप मीटरवर करंट तेवढाच दिसत असताना बाहेर पडणारी पॉवर उतरते, हे तुम्ही सांगितलं नसतंत तर मीटरकडे बघून मी सगळं ठीक आहे असंच समजलो असतो. आणि करंट ट्यूबच्या कमाल मर्यादेच्या वर न्यायचा नाही, त्याने कट फारसा सुधारत नाही, ट्यूबचं आयुष्य मात्र जातं.

ताई, आता पाचही चौकोन पडतात, जुन्याच सेटिंगवर, त्याच ट्यूबवर. तुमचं स्वतःचं काम चालू असताना, मागे तुमची मशीन चालू असल्याचा आवाज मला फोनवर येत होता, तरी तुम्ही एकदाही "नंतर बोलू" म्हणाला नाहीत. एकदाही मला कमी लेखलं नाहीत. उत्तर तुम्हाला पहिल्याच टेस्टनंतर कळलं होतं हे मला नंतर लक्षात आलं, पण तुम्ही ते मला शोधू दिलंत, प्रत्येक पायरीला "आता तुला काय वाटतं?" असं विचारत. ट्यूब बदलली असती तरी आरसा सैलच राहिला असता, आणि मग नवी ट्यूबही खराब निघाली म्हणून मी परत कोणाला तरी फोन लावत बसलो असतो.

मागच्याच आठवड्यात ओळखीच्या एकाची मशीन अशीच अडली, त्यालाही ट्यूबच सांगितली होती. मी त्याला पाच चौकोन कापायला लावले. त्याचे पुढचे दोन्ही राहत होते, मागचे पडत होते, म्हणून पहिला आरसा बघायला सांगितला आणि तिथेच होतं. त्याने तुमचेही आभार कळवायला सांगितलेत.

मनापासून आभार ताई. आता ६ एमएमच्या प्लायला हात घालतोय, फोकस पृष्ठभागापासून थोडं आत घेऊन. कडेचे फोटो पाठवतो, वेळ मिळेल तेव्हा बघून सांगा.