कोराडीत आणखी दोन संच कशासाठी? ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री व ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

आधी बावनकुळे, मग नितीन राऊत, 2022 पासून आपण. सरकारं बदलली, पण ऊर्जा खातं नागपूर जिल्ह्यातच राहिलं. त्यामुळे कोळशावर चालणारं वीज केंद्र असलेलं नागपूरजवळचं कोराडी कुठे आहे हे मंत्रालयात कुणाला नकाशावर दाखवावं लागत नसेल.

सौरऊर्जेचं आपलं काम मला मान्य आहे. शेतीला वीज पुरवणारे फीडर सौर कृषी वाहिनीवर, म्हणजे सौर प्रकल्पांच्या विजेवर, नेऊन दिवसा वीज देणं हा या खात्याचा फार शहाणा निर्णय. रात्री बॅटरी घेऊन ओलिताला जाणाऱ्या माणसाला विचारा, तो साप-विंचवापासूनच सुरुवात करेल. घराच्या छतासाठी केंद्राचं 78 हजारांपर्यंत अनुदान आहे, तेही चांगलंच. (फ्लॅटवाल्यांचं आणि भाडेकरूंचं छत कोणतं, हा वेगळा विषय.)

मग कोराडीत 660 मेगावॉटचे आणखी दोन कोळशाचे संच कशासाठी? तेवढ्याच क्षमतेचे तीन तिथे आधीच चालतात. शेजारच्या खापरखेड्यात 1340 मेगावॉटचं आणखी एक कोळशाचं केंद्र. या नव्या संचांवरच्या मे 2023 च्या जनसुनावणीपासून एकच उत्तर ऐकतो आहोत: जुने संच बंद केले, त्यांच्या जागी हे येणार आणि यांना कोळसा कमी लागतो. युनिटमागे कमी लागतो, खरं आहे. पण असा संच एकदा पेटला की निदान पंचवीस-तीस वर्षं चालवावाच लागतो, नाहीतर घातलेला पैसा वसूल होत नाही. म्हणजे आपली सौर उद्दिष्टं पूर्ण झाल्यावरही नागपूरच्या उशाशी कोळसा जळतच राहणार. राख वेगळीच. जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राच्या राखेचा बंधारा फुटला, तेव्हा ती शेतांत आणि नाल्यांत गेली. गंधकाच्या धुराचे निकष 2015 मध्ये आले, मुदत दोन वर्षांची होती. ती किती वेळा वाढली हे आपल्या खात्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

अडचण मी नाकारत नाही. मे महिन्यात रात्री दहाला नागपुरात घरोघरी कूलर फिरतात आणि तेव्हा सूर्य नसतो. पण ती विजेच्या साठवणुकीची अडचण आहे. दिवसा स्वस्त विजेने पाणी वर चढवायचं आणि रात्री ते सोडून वीज करायची, हे घाटघरला 250 मेगावॉटच्या प्रकल्पात आपलंच राज्य करतं. कोराडीवर खर्चायचा पैसा अशा प्रकल्पांत आणि बॅटऱ्यांत घाला. बंद संचांची जागा, वीजवाहिन्या, उपकेंद्र सगळं तयार आहे, बॅटऱ्या तिथेच बसू शकतात.

दुसरी मागणी खापरखेड्याची. तिथले 210 मेगावॉटचे पहिले दोन संच 1989-90 च्या सुमाराचे आहेत. ते कधी बंद होणार, त्यावर पोट असलेल्या कंत्राटी कामगारांना कुठलं काम मिळणार, आणि राखेच्या तलावांच्या जमिनीचं काय होणार, हे तारखांसह लिहून द्या. कायम कर्मचाऱ्याची बदली होते, कंत्राटी माणसाला फक्त गेट बंद झालेलं दिसतं.

हिवाळी अधिवेशनाला आपण नागपुरात असालच. हे वेळापत्रक तेव्हा सभागृहाच्या पटलावर ठेवावं.

आपला,
एक नागपूरकर वीजग्राहक