रॉड्रिग्जला ‘अस्पर्शित’ म्हणू नका

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत हिंदी महासागरातल्या छोट्या बेटांवरचा लेख वाचला. रॉड्रिग्ज या ज्वालामुखीय बेटाला त्यात चारच ओळी मिळाल्या आहेत आणि त्या चारही ओळींत ते कसं अस्पर्शित, अनाघ्रात आहे एवढंच सांगितलं आहे. मागच्या ऑक्टोबरात मी आणि सौ. तिथे नऊ दिवस राहून आलो. बेट देखणं आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण ते अस्पर्शित नाही. माणसाने ते एकदा पुरतं ओरबाडलं आणि आता तिथलीच माणसं ते पुन्हा उभं करत आहेत. ‘अस्पर्शित’ म्हटलं की त्यांचे सगळे कष्ट पुसले जातात, म्हणून हे पत्र.

मॉरिशसच्या पूर्वेला सुमारे ५६० किलोमीटरवर, मॉरिशसचाच भाग असलेलं हे बेट. क्षेत्रफळ १०८ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या देवगड तालुक्यात कित्येकदा मावेल एवढंच. वस्ती चाळीस-पंचेचाळीस हजारांची. २००२ पासून स्थानिक कारभार बऱ्याच अंशी त्यांच्या हाती आहे. मॉरिशसहून छोट्या एटीआर विमानाने दीड तासात पोचता येतं. जाताना मॉरिशसमध्ये एका मराठी कुटुंबाकडे दोन दिवस राहिलो. पाच पिढ्या तिकडे गेल्या तरी घरात गणपती बसतो आणि आजीबाई आमच्याशी मराठीत बोलत होत्या. निघताना म्हणाल्या, “रॉड्रिग्जचं लिंबाचं लोणचं आणा हो येताना.”

मी तीस वर्षं भूगोल शिकवला. उतरल्या उतरल्या नजरेत भरला तो काळा दगड, आपल्या सह्याद्रीतलाच बेसाल्ट वाटावा असा. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त बिंदूतून, म्हणजे लाव्हा वर येण्याच्या ठिकाणातून, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा बाहेर पडला, तो आज रियुनियन बेटाखाली आहे असं भूवैज्ञानिक मानतात. वरचा भूपट्ट त्यावरून सरकत गेला, आणि मॉरिशसही त्याच वाटेवर तयार झालं. फळ्यावर हा नकाशा किती वेळा काढला असेल, पण त्या टोकाच्या समुद्रात उभा राहीन असं कधी वाटलं नव्हतं. किनाऱ्यावर सुरूची बनं, टेकड्यांवर केवड्याच्या जातीची झाडं आणि त्याच पानांच्या विणलेल्या टोप्या आणि टोपल्या. सौ.ला पहिल्याच दिवशी माहेरी आल्यासारखं वाटलं.

आता त्या ओरबाडण्याबद्दल. १६९१ साली फ्रान्स्वा लेगा नावाचा फ्रेंच प्रोटेस्टंट सात सोबत्यांसह इथे उतरला आणि दोन वर्षं राहिला. तेव्हा इथे कासवं इतकी होती की त्यांच्या पाठींवरून शंभर पावलं चालत जाता येई, असं त्याने लिहून ठेवलं आहे. डोडोचा भाऊबंद असलेला, उडता न येणारा सॉलिटेअर पक्षी त्याने डोळ्यांनी पाहिला. त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत काय उरलं? कासवं हजारोंनी जहाजांत भरून मॉरिशसला मांसासाठी गेली. इथली दोन्ही जातींची कासवं संपली आणि सॉलिटेअरही संपला. रानं तोडली, जाळली, उरलेल्यांत गुरं-बकऱ्या सोडल्या. डोंगर उघडे पडले आणि माती वाहून समुद्रात गेली.

आज तिथल्या, लेगाच्याच नावाच्या राखीव क्षेत्रात कासवं दिसतात, पण ती अल्डाब्रा आणि मादागास्कर इथल्या जातींची आहेत. मूळची गेलीच, निदान त्यांची जागा कोणी तरी घ्यावी म्हणून ती आणून वाढवली. त्यांच्या भोवती स्थानिक झाडांचं रान पुन्हा लावलं आहे. फळं खाणारी वटवाघळं १९७० च्या दशकात शंभराच्याही खाली आली होती, आज वीस हजारांच्या वर आहेत. संध्याकाळी घराच्या पायरीवर बसून आम्ही ती डोक्यावरून जाताना बघत असू.

एक गोष्ट मात्र शिक्षक म्हणून मला सांगितल्यावाचून राहवत नाही. १९८० च्या सुमारास तिथल्या एका शिक्षकाने वर्गातल्या मुलांना बेटावरची दुर्मिळ झाडं शोधायला सांगितली. एक मुलगा रस्त्याकडेच्या झुडपाची फांदी घेऊन आला. शास्त्रज्ञांनी कधीच नामशेष ठरवलेली ती जंगली कॉफी निघाली, आणि रानात तेवढं एकच झुडूप शिल्लक होतं. बातमी पसरली तसे लोक औषधी म्हणून फांद्या मोडून न्यायला लागले, तेव्हा कुंपणावर कुंपण घालावं लागलं. १९८६ मध्ये कलमं लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात गेली. तिथे त्याला पांढरी फुलं यायची, पण बी काही धरत नसे. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर बी धरलं आणि रोपं बेटावर परत आली. एका गृहपाठातून एक झाड वाचलं!

समुद्राची गोष्टही अशीच आहे. बेटाभोवतीची खाजण जमिनीच्या जवळजवळ दुप्पट पसरलेली, उथळ, प्रवाळाच्या कड्याने अडवलेली. ओहोटीला त्यात चालत जाऊन ऑक्टोपस पकडायचे हे तिथल्या बायकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. पकड घटत चालली, पिल्लंच हाती यायला लागली, तेव्हा २०१२ मध्ये प्रथमच दोन महिने ऑक्टोपस पकडणं बंद ठेवलं. त्या काळात मच्छीमारांना किनारा साफ करण्यासारखी कामं देऊन मजुरी दिली. बंदी उठल्यावर मोठाले ऑक्टोपस हाताला लागले, आणि मग बंदी दरवर्षीची झाली.

बंदी उठली त्या दिवशी आम्ही तिथे होतो. आमची घरमालकीण पहाटेच रबरी बूट, टोपी आणि लोखंडी टोकाची काठी घेऊन निघाली, आम्ही गुडघाभर पाण्यात तिच्यामागून. तिने हाताने थांबवलं आणि खडकाच्या एका भोकाकडे बोट दाखवलं. मला काहीच दिसेना. मग लक्षात आलं, भोकाच्या तोंडाशी रिकामे शिंपले आणि खडे नीट रचून ठेवले होते. ऑक्टोपसचं घर ओळखायची ती खूण. दुपारी अंगणातल्या आडव्या काठीवर सात-आठ ऑक्टोपस सुकायला टांगलेले होते, धुतलेले मोजे दोरीवर घालावेत तसे.

हे पाहताना मालवण सतत डोळ्यांसमोर येत होतं. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बंदी आपल्याला नवी नाही. मालवणचं सागरी अभयारण्यही १९८७ सालचं आहे. पण मच्छीमारांना विश्वासात न घेता ते जाहीर झालं म्हणून गावोगाव विरोध झाला, आणि ती अढी अजून गेलेली नाही. दुसरीकडे, प्रवाळावर नांगर टाकणारी पर्यटकांची बोट मी स्वतः पाहिली आहे. बंदीच्या दिवसांत चूल कशी पेटणार, हे रॉड्रिग्जने आधी विचारलं. मला तिथली सर्वांत मोठी गोष्ट तीच वाटली, किनाऱ्यांपेक्षाही.

किनारे तर आहेतच. सें फ्रांस्वाहून समुद्राच्या कडेकडेने पायवाट जाते, आणि वाटेत दोन काळ्या कड्यांच्या मध्ये लपलेली त्रू दारझाँची इवलीशी पुळण लागते. तासभर तिथे आम्हा दोघांखेरीज कोणी नव्हतं.

आता मोठी विमानं उतरतील अशी नवी धावपट्टी करायचं ठरलं आहे. स्थानिकांना ती हवी आहे, आजारी माणूस न्यायचा तरी विमान लागतं, त्यांना कोणी दूरवरून नको म्हणू नये. पण बेटावर पाण्याची टंचाई कायमची आहे. आमच्या घरमालकिणीकडे नळाला रोज पाणी नव्हतं. छपरावरच्या टाकीतलं पुरवून वापरायचं, म्हणून आम्ही दोघांनी नऊ दिवस बादलीभर पाण्यात आंघोळ केली. कोकणातल्या माणसाला यात नवल नाही, पण लेख वाचून जाणाऱ्याला हे आधी कळायला हवं. तसंच प्लास्टिकच्या पिशव्यांना तिथे २०१४ पासून बंदी आहे, मॉरिशसच्याही आधी. पोर्ट मॅथुरिन या मुख्य गावातल्या शनिवारच्या बाजाराला जाताना कापडी पिशवी घेऊन जावी. हॉटेलाऐवजी कोणाच्या घरी राहावं, म्हणजे पैसा त्या घरात राहतो. पाण्यात उतरल्यावर प्रवाळावर पाय देऊ नये.

आपण पुढे कधी या बेटावर सविस्तर लिहाल अशी आशा आहे. सोबत दोन फोटो जोडले आहेत, एक त्रू दारझाँचा आणि एक अंगणात सुकत घातलेल्या ऑक्टोपसांचा. एकच छापायला जागा असेल तर कृपया दुसरा छापावा.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
देवगड, जि. सिंधुदुर्ग