सूचना : व्यावसायिक जबाबदारी व आचारनीतीविषयक चर्चासत्र

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या शनिवारी सायंकाळी ५ ते ७ या वेळेत आपल्या सभागृहात वरील विषयावर चर्चासत्र आयोजित करण्यात आले आहे. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या तसेच अहवालांवर व प्रमाणपत्रांवर सही करणाऱ्या प्रत्येक सभासदाची उपस्थिती आवश्यक आहे.

चर्चेची सुरुवात हेडली बर्न खटल्याने होईल. ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९६३ साली त्यात असे ठरवले की, करार नसला तरी, निष्काळजीपणे दिलेल्या माहितीवर विसंबून एखाद्याचे आर्थिक नुकसान झाल्यास माहिती देणाऱ्यावर जबाबदारी येऊ शकते; त्यातील माहिती देणारी बँक सुटली, ती ‘जबाबदारी आमच्यावर राहणार नाही’ असे तिने आधीच लेखी कळवले होते म्हणून. फोनवर सहज सल्ला देण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना आहे, तेव्हा हा भाग सविस्तर घेतला जाईल.

सभासदांनी कृपया पुढील बाबी लक्षात घ्याव्यात :

१. स्वतःच्या अनुभवातील प्रकरण मांडताना अशिलाचे नाव किंवा त्याची ओळख पटेल असा तपशील देऊ नये. गोपनीयतेचे बंधन काम संपल्यावरही सुटत नाही.

२. कामाची व्याप्ती ठरवणाऱ्या आपल्या नेहमीच्या पत्राचा कोरा नमुना सोबत आणावा. ‘इतर अनुषंगिक कामे’ असे मोघम शब्द त्यात असल्यास ते अधोरेखित करावेत. बहुतेक वाद तिथूनच उद्भवतात.

३. चालू वादांवर कायदेशीर सल्ला दिला जाणार नाही.

प्रश्न गुरुवारपर्यंत लेखी स्वरूपात चिटणीसांकडे द्यावेत.

— चिटणीस