काउंटरच्या या बाजूने

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

हल्ली फोनवर बोलताना सईचं नाव येतं. आईच्या ते लक्षात आलंय, माझ्याही. कोण, कुठली, हे विचारायला मी पत्र लिहीत नाही. तू एकवीस वर्षांचा आहेस, ते तुझं तू बघ. पण बाप मेडिकल चालवत असताना पोराला गर्भनिरोधाबद्दल बाहेरून अर्धवट कळावं, हे मला पटत नाही.

संध्याकाळी गर्दी ओसरली की तुझ्या वयाची पोरं येतात. आधी डोकेदुखीची गोळी मागतात, दुकानात कोणी नाही असं बघून हळूच म्हणतात, ‘काका, एक आय-पिल.’ मी देतो, आणि सोबत सांगतोही. ही संबंधांनंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी. संबंधांपासून ७२ तासांची मुदत असली तरी जितक्या लवकर घ्याल तितकी ती लागू पडते. स्त्रीबीज बाहेर पडणं ती लांबवते, त्यामुळे गर्भ राहून गेला असेल तर तिचा काही उपयोग नाही. पाळी पुढेमागे होते. आठवड्याहून जास्त लांबली तर टेस्ट करावी. ही अडीअडचणीची गोळी आहे, नेहमीची नव्हे. गोळी गिळायची तिने, मळमळ तिला, पाळीची वाट बघायची तिने, आणि हे महाशय गाडीवर बसून मोबाईल बघणार! याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून निरोध वापरायचा, आणि तो आणायची जबाबदारी तुझी. पँटच्या मागच्या खिशातल्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवू नकोस, उष्णतेने आणि घासून रबर खराब होतं. एक्सपायरी बघ. पुडी दाताने फाडू नकोस. खोबरेल तेल, व्हॅसलिन अजिबात नाही, त्याने रबर फाटतं. गुप्तरोगांपासूनही निरोधच वाचवतो, गोळी नाही. ‘मी सांभाळतो’ किंवा ‘आज सेफ दिवस आहे’ यांच्यावर विसंबलेली पोरं मी बरीच पाहिली आहेत.

लाजू नकोस. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या कामापायी प्राध्यापकीवर पाणी सोडलं, आणि शंभर वर्षांनंतरही गिऱ्हाईक मला निरोधचं पाकीट पेपरात गुंडाळून मागतं!

एवढं करूनही पाळी चुकली, तर गर्भपाताच्या गोळ्या कुठून तरी मिळवू नका. चिठ्ठीशिवाय मी देत नाही, जो देईल त्याच्याकडून तूही घेऊ नकोस. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही, आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. सरळ सरकारमान्य केंद्रात जायचं. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. गर्भनिरोधक फसल्याचं कारण पूर्वी विवाहितेलाच देता यायचं, आता लग्न न झालेलीलाही देता येतं. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. मुलगी सज्ञान असेल तर सही तिचीच लागते, बापाची नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. काय करायचं ते ती ठरवेल. तू सोबत जायचं, खर्च उचलायचा, आणि पैसे कमी पडले तर मला फोन करायचा. कशाला हवेत ते मी विचारणार नाही.

एक गोष्ट तुझ्या मित्रांनाही सांग: मुलगी अठराच्या आतली असेल तर ती ‘हो’ म्हणाली तरी कायद्याने तो गुन्हाच आहे.

हे सगळं आईने वाचलं. तिने एवढंच घालायला सांगितलंय की सईचं मन नसेल त्या दिवशी विषय तिथेच संपला, रुसवेफुगवे नकोत.

दिवाळीचं रिझर्व्हेशन आत्ताच करून ठेव, मागच्यासारखं उभं राहून येऊ नकोस.

तुझा,
बाबा